संप्लवन आणि उदात्तीकरण

संप्लवन आणि उदात्तीकरण या दोन मराठी संज्ञा एकाच लॅटिन धातूपासून आलेल्या एका युरोपीय संज्ञेचे दोन वेगवेगळे अर्थ दर्शवितात. रसायनशास्त्र व भौतिकशास्त्रात स्थायू पदार्थाचे द्रवात रूपांतर न होता थेट वायूत रूपांतर होण्याच्या क्रियेला संप्लवन म्हणतात. मानसशास्त्रात, विशेषतः मनोविश्लेषणात, समाजाला अमान्य असलेल्या किंवा तृप्त होऊ न शकणाऱ्या प्रेरणेची ऊर्जा कला, ज्ञान, सेवा, क्रीडा अशा समाजमान्य कार्याकडे वळण्याच्या प्रक्रियेला उदात्तीकरण म्हणतात. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन इत्यादी भाषांत दोन्ही अर्थांसाठी एकच किंवा अगदी जवळचे शब्द आहेत. मराठीत मात्र त्यांना स्वतंत्र शब्द असल्याने दोन्ही कल्पनांमधील ऐतिहासिक नाते सहसा लक्षात येत नाही.

## व्युत्पत्ती आणि मराठी संज्ञा

मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ 'उंच करणे, वर नेणे' असा आहे. मध्ययुगीन युरोपातील किमयागार पदार्थ भांड्यात तापवून त्याची वाफ वर नेत आणि भांड्याच्या वरच्या थंड भागावर ती पुन्हा घन स्वरूपात गोळा करीत. या कृतीला ते 'वर नेणे' म्हणत. गाळ व अशुद्धी तळाशी राहून शुद्ध अंश वर जातो, या अनुभवामुळे या शब्दाला शुद्धीकरणाचा अर्थही चिकटला. पुढे हाच शब्द लाक्षणिक अर्थाने भावना व विचारांच्या शुद्धीकरणासाठी वापरला जाऊ लागला.

भारतीय रसशास्त्रातील ऊर्ध्वपातन या शब्दातही वर जाण्याची हीच कल्पना आहे. मात्र आधुनिक परिभाषेत या शब्दाचा वापर भाषेनुसार बदलतो. हिंदी पाठ्यपुस्तकांत ऊर्ध्वपातन म्हणजे स्थायूचे थेट वायूत रूपांतर. मराठी परिभाषेत मात्र द्रव उकळवून त्याची वाफ थंड करून पुन्हा द्रव मिळविण्याच्या क्रियेला ऊर्ध्वपातन म्हणतात. हिंदीत त्यासाठी आसवन हा शब्द आहे. दोन्ही भाषांतील पुस्तके वापरणाऱ्या विद्यार्थ्यांचा त्यामुळे गोंधळ होतो. मराठीतील संप्लवन हा शब्द 'प्लु' म्हणजे तरंगणे, उडणे या संस्कृत धातूपासून बनला आहे.

उदात्तीकरण या शब्दाचेही मराठीत दोन अर्थ रूढ आहेत. वृत्तपत्रांत आणि सार्वजनिक चर्चेत 'गुन्हेगारीचे उदात्तीकरण', 'हिंसेचे उदात्तीकरण' असे शब्दप्रयोग आढळतात. तेथे एखाद्या अनिष्ट गोष्टीला थोरवी देणे, तिचा गौरव करणे असा अर्थ असतो. मानसशास्त्रीय अर्थ याच्या जवळजवळ उलट आहे. गौरवाच्या अर्थाने उदात्तीकरण होते तेव्हा हिंसा तशीच राहते आणि फक्त तिच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते. मानसशास्त्रीय उदात्तीकरणात हिंसक प्रेरणा हिंसेच्या रूपाने प्रकटच होत नाही; तिची ऊर्जा वेगळ्या कामी येते. हा भेद टाळण्यासाठी काही लेखक मानसशास्त्रीय अर्थाने उन्नयन हा शब्द वापरतात.

## रसायनशास्त्रातील संप्लवन

### यंत्रणा

स्थायू पदार्थातील कण एकमेकांना आकर्षणबलाने बांधलेले असतात. पृष्ठभागावरील काही कणांना पुरेशी ऊर्जा मिळाली की ते बंध तोडून थेट हवेत जातात. त्यामुळे प्रत्येक स्थायूला, तापमानानुसार कमी-अधिक, बाष्पदाब असतो. बहुतेक स्थायूंच्या बाबतीत तो इतका कमी असतो की त्यांचे संप्लवन जाणवत नाही. कापूर, नॅफ्थॅलीन, आयोडीन अशा पदार्थांत रेणूंमधील आकर्षण दुर्बल असल्याने सामान्य तापमानालाही ते लक्षात येण्याइतके उडून जातात.

पदार्थ कोणत्या परिस्थितीत न वितळता वायूरूप होईल हे त्याच्या त्रिक बिंदूवरून ठरते. त्रिक बिंदू म्हणजे ज्या विशिष्ट तापमानाला व दाबाला स्थायू, द्रव आणि वायू या तिन्ही अवस्था समतोलात राहतात तो बिंदू. त्रिक बिंदूच्या दाबापेक्षा कमी दाबावर द्रव अवस्था स्थिर राहू शकत नाही. तेथे स्थायू तापविल्यास तो थेट वायू होतो. कार्बन डायऑक्साइडचा त्रिक बिंदू सुमारे ५.१ वातावरण दाब व उणे ५६.६ अंश सेल्सिअस येथे आहे. आपल्या भोवतालचा दाब १ वातावरण, म्हणजे त्याहून बराच कमी असल्याने घन कार्बन डायऑक्साइड कधीच ओला होत नाही. उणे ७८.५ अंश सेल्सिअसला तो थेट वायू होतो आणि म्हणूनच त्याला शुष्क बर्फ म्हणतात. पाण्याचा त्रिक बिंदू ०.०१ अंश सेल्सिअस व सुमारे ६१२ पास्कल, म्हणजे वातावरण दाबाच्या एका टक्क्याहूनही कमी दाबावर आहे. त्यामुळे नेहमीचे बर्फ तापविले की वितळते.

संप्लवनासाठी लागणारी उष्णता ही वितळण्यासाठी आणि बाष्पीभवनासाठी लागणाऱ्या अप्रकट उष्म्यांच्या बेरजेइतकी असते. ० अंश सेल्सिअसजवळ एक किलोग्रॅम बर्फ वितळण्यास सुमारे ३३४ किलोज्यूल आणि तेवढ्याच पाण्याची वाफ होण्यास सुमारे २,५०१ किलोज्यूल उष्णता लागते. त्याच तापमानाला बर्फाची थेट वाफ होण्यास सुमारे २,८३५ किलोज्यूल लागतात. मधली अवस्था टळली तरी उष्णतेचा हिशोब तोच राहतो.

याच्या उलट, वायूचे थेट स्थायूत रूपांतर होण्याला निक्षेपण म्हणतात. महाबळेश्वर येथील वेण्णा तलावाच्या परिसरात हिवाळ्यात गवतावर व वाहनांच्या टपांवर पांढरा थर दिसतो आणि 'दवबिंदू गोठले' अशा बातम्या येतात. आधी दव पडून मग ते गोठले असेल तर ते निक्षेपण नव्हे. हवेतील बाष्प थंड पृष्ठभागावर थेट बर्फकणांच्या रूपाने जमले असेल, तरच ते निक्षेपण होय. एकाच रात्री दोन्ही क्रिया घडू शकतात.

### परिचित उदाहरणे आणि गैरसमज

कापूर हे महाराष्ट्रातील घरोघरी परिचित असलेले उदाहरण होय. उघड्या डबीतील कापूर काही दिवसांत लहान होत जातो आणि खाली काहीही उरत नाही. डबीत मिरे घालून ठेवण्याची पद्धत अनेक घरांत आहे. परंतु कापूर टिकतो तो मुख्यतः घट्ट झाकणामुळे. बंद डबीत वाफ साठून तिचा दाब समतोलाला पोहोचला की संप्लवन पुढे सरकत नाही. आरतीत कापूर जळतो तेव्हा मात्र केवळ संप्लवन होत नसते. कापराची वाफ होऊन ती हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावते. हे ज्वलन, म्हणजे रासायनिक बदल आहे. संप्लवन हा भौतिक बदल असून त्यात पदार्थ तोच राहतो. कापूर पूर्वी मुख्यतः कापूरवृक्षाच्या लाकडापासून मिळवीत. आज बाजारात मिळणारा बहुतेक कापूर टर्पेंटाइनमधील पायनीन या घटकापासून कारखान्यांत तयार होतो.

आयोडीन न वितळता थेट वायू होते, असे अनेकदा सांगितले जाते. ते पूर्णतः खरे नाही. आयोडीन वातावरण दाबाला ११३.७ अंश सेल्सिअसला वितळते आणि सुमारे १८४ अंशांना उकळते. मात्र वितळण्यापूर्वीच त्याची जांभळी वाफ मोठ्या प्रमाणात निघत असल्याने हळू तापविताना द्रव दिसत नाही. नॅफ्थॅलीन सुमारे ८० अंशांना वितळते, तरी खोलीच्या तापमानालाच ते उडून जात राहते. म्हणून पदार्थाला वितळबिंदू आहे याचा अर्थ त्याचे संप्लवन होत नाही, असा घेता येत नाही.

नवसागर म्हणजेच अमोनियम क्लोराइड हे शालेय प्रयोगातील नेहमीचे उदाहरण आहे. मीठ व नवसागर यांचे मिश्रण बाष्पनपात्रात घेऊन त्यावर उलटे नरसाळे ठेवतात, नरसाळ्याच्या नळीत कापसाचा बोळा बसवतात आणि पात्र तापवतात. नवसागर नरसाळ्याच्या आतील थंड बाजूवर जमतो आणि मीठ पात्रात राहते. मिश्रण वेगळे करण्याची रीत म्हणून हा प्रयोग योग्य असला, तरी काटेकोर अर्थाने येथे साधे संप्लवन होत नाही. तापविल्यावर नवसागराचे अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड या दोन वायूंत विघटन होते आणि थंड भागाजवळ ते पुन्हा संयोग पावून नवसागर बनते.

### रसशास्त्रातील प्रक्रिया

भारतात संप्लवनाचा पद्धतशीर वापर रसशास्त्रात झाला. पाऱ्याच्या शुद्धीसाठी ऊर्ध्वपातन, अधःपातन आणि तिर्यक्पातन असे पातनाचे तीन प्रकार रसग्रंथांत सांगितले आहेत. हिंगुळापासून पारा मिळविण्यासाठी एकावर एक उपडी ठेवलेल्या दोन मडक्यांचे डमरूयंत्र वापरीत. खालचे मडके तापवीत आणि वरच्या मडक्याला ओल्या कापडाने थंड ठेवीत.

रससिंदूर तयार करण्याची कृती संप्लवनाचे अधिक स्पष्ट उदाहरण आहे. पारा आणि गंधक खलात घोटून काळी कज्जली करतात. ती कापडमातीचे थर दिलेल्या काचेच्या कुपीत भरतात. ही कुपी वालुकायंत्रात, म्हणजे वाळूने भरलेल्या भांड्यात, ठेवून क्रमाक्रमाने आच वाढवतात. शेवटी कुपीच्या गळ्याशी लाल रंगाचे पारद सल्फाइड जमते. कुपी फोडून ते काढतात. अशा औषधांच्या वर्गाला कूपीपक्व रसायन म्हणतात. प्रफुल्लचंद्र राय यांनी २० व्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध केलेल्या हिंदू रसायनशास्त्राच्या दोन खंडी इतिहासात रसग्रंथांतील यंत्रांचे व प्रक्रियांचे विवेचन आहे. पारा आणि त्याची संयुगे विषारी असल्याने या प्रक्रिया घरी करणे धोक्याचे आहे.

### आधुनिक उपयोग

गोठवून सुकविणे. पदार्थ गोठवून, निर्वात पात्रात दाब पाण्याच्या त्रिक बिंदूखाली आणला की त्यातील बर्फ न वितळता बाष्परूपाने निघून जाते. उष्णतेने बिघडणारी प्रथिने या रीतीने सुकवता येतात. गोवराची लस आणि बीसीजी लस या पद्धतीने सुकवलेल्या स्वरूपात मिळतात. मुंबईतील परळ येथील हाफकिन या संस्थेचे नाव ज्या औषधाशी जोडले गेले आहे, ती सर्पविषावरील बहुगुणी प्रतिविष लसही सुकवलेल्या भुकटीच्या रूपात तयार केली जाते. ही लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालते. द्रवरूप प्रतिविष सतत शीतपेटीत ठेवावे लागते; भुकटी त्या मानाने टिकाऊ असते आणि ऐन वेळी निर्जंतुक पाण्यात विरघळवून शिरेवाटे देता येते. भिवंडी तालुक्यातील खारबावसारख्या भातशेतीच्या गावांत, कोकणात आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी पावसाळ्यात शेतात काम करणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका असतो. वीजपुरवठा खंडित होणाऱ्या ठिकाणच्या आरोग्य केंद्रात औषध टिकून राहणे हा तेथे जीवनमरणाचा प्रश्न ठरतो.

कापडावरील छपाई. डिस्पर्स वर्गातील रंगांनी कागदावर चित्र छापून तो कागद सुमारे १८० ते २१० अंश सेल्सिअस तापमानाला कापडावर दाबला, की रंग वायूरूप होऊन धाग्यात शिरतो आणि थंड झाल्यावर तेथेच अडकून राहतो. ही रीत पॉलिस्टरसाठी उपयुक्त आहे. सुती धागा हे रंग नीट धरून ठेवत नाही. भिवंडी हे यंत्रमागाचे मोठे केंद्र असून तेथील मागांवर निघणारे कोरे कापड प्रक्रियेसाठी अन्यत्र पाठवले जाते. ते कापड सुती आहे की कृत्रिम धाग्याचे, यावर त्याची छपाई या रीतीने होऊ शकेल की नाही हे ठरते. क्रीडा गणवेश, झेंडे आणि छायाचित्र असलेले चहाचे कप याच तंत्राने छापतात. कपावर त्यासाठी पॉलिस्टरसारखा लेप असावा लागतो.

शुद्धीकरण. सेंद्रिय संयुगांच्या शुद्धीकरणासाठी प्रयोगशाळेत निर्वात संप्लवन वापरतात. दाब कमी केल्याने पदार्थ कमी तापमानाला उडतो आणि त्याचे विघटन टळते.

### सुरक्षितता

संप्लवन डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्याचे धोके सहज दुर्लक्षित होतात. शुष्क बर्फापासून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेच्या सुमारे दीडपट जड असल्याने तो बंद खोलीत किंवा वाहनात जमिनीलगत साठतो व गुदमरण्याचा धोका असतो. शुष्क बर्फ घट्ट बंद बाटलीत ठेवल्यास दाबाने बाटली फुटू शकते. तो तोंडात घेतल्यास गंभीर इजा होते.

कपाटात ठेवल्या जाणाऱ्या डांबराच्या गोळ्या नॅफ्थॅलीनच्या असल्यास त्यांची वाफ कपड्यांत मुरते. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या अर्भकांना असे कपडे न धुता व न वाळवता घातल्यास तांबड्या रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ व रक्तक्षय होऊ शकतो. बाळंतपणासाठी जपून ठेवलेली जुनी दुपटी व कपडे वापरण्यापूर्वी धुऊन उन्हात वाळवणे त्यामुळे आवश्यक ठरते. कापूर पोटात गेल्यास लहान मुलांना झटके येऊ शकतात. तो मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा लागतो.

## मानसशास्त्रातील उदात्तीकरण

### फ्रॉइडपूर्व वापर

रसायनशास्त्रातून मानसशास्त्राकडे झालेल्या या प्रवासातील एक महत्त्वाचा टप्पा जर्मन तत्त्वज्ञ फ्रीडरिश नीत्शे याच्या १८७८ मधील ग्रंथात आढळतो. त्या ग्रंथातील पहिल्याच विवेचनाला त्याने कल्पना व संवेदनांचे रसायनशास्त्र अशा अर्थाचे शीर्षक दिले. ज्या भावना आपण उच्च मानतो त्यांचा मूळ घटक सामान्य व स्वार्थी असू शकतो आणि केवळ सूक्ष्म निरीक्षणानेच तो ओळखता येतो, असा त्याचा मुद्दा होता. येथे त्याने रासायनिक संज्ञा जाणीवपूर्वक रूपक म्हणून वापरली आहे.

### फ्रॉइडची मांडणी

मनोविश्लेषणाचा प्रवर्तक सिग्मंड फ्रॉइड याने लैंगिकतेवरील १९०५ च्या तीन निबंधांत या संज्ञेला सैद्धांतिक स्थान दिले. त्याच्या मते कामप्रेरणेची ऊर्जा तिच्या मूळ लैंगिक उद्दिष्टापासून दूर होऊन अलैंगिक व समाजाने मोलाच्या मानलेल्या उद्दिष्टाकडे वळू शकते. कलानिर्मिती आणि बौद्धिक संशोधन ही त्याची मुख्य उदाहरणे होत. १९०८ मधील निबंधात त्याने याला एक मर्यादाही घातली: ही क्षमता सर्वांत सारखी नसते, सर्व काळ टिकत नाही आणि सर्व ऊर्जा अशा रीतीने वळवता येत नाही. समाजाने प्रत्येकाकडून तीच अपेक्षा केल्यास अनेकांना मनोविकार जडतात, असे त्याचे म्हणणे होते. १९३० च्या ग्रंथात त्याने संस्कृतीच्या उभारणीशी या प्रक्रियेचा संबंध जोडला.

दमन आणि उदात्तीकरण यांतील फरक महत्त्वाचा आहे. दमनात इच्छा जाणिवेबाहेर ढकलली जाते. ती नष्ट होत नाही आणि लक्षणांच्या रूपाने परत येते. उदात्तीकरणात प्रेरणेला वाट मिळते, मात्र ती वेगळ्या दिशेने. घरी येऊन मुलांवर राग काढणे हे विस्थापन होय. तोच राग मुष्टियुद्धाच्या सरावात किंवा अन्यायाविरुद्धच्या लेखनात उतरला, तर त्याला उदात्तीकरण म्हणता येते.

### उत्तरकालीन विचार

फ्रॉइडची कन्या ॲना फ्रॉइड हिने १९३६ मध्ये अहम् च्या संरक्षण यंत्रणांचा पद्धतशीर अभ्यास मांडला आणि उदात्तीकरणाचा विचार त्यांच्या संदर्भात केला. मेलनी क्लाइन हिने निर्मितीच्या प्रेरणेचा संबंध मनात दुखावलेल्या प्रिय व्यक्तीची भरपाई करण्याच्या इच्छेशी लावला. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ जॉर्ज व्हेलंट याने हार्वर्ड विद्यापीठातील पुरुष विद्यार्थ्यांच्या १९३८ पासून चाललेल्या दीर्घकालीन अभ्यासाच्या आधारे १९७७ मध्ये संरक्षण यंत्रणांची अपरिपक्व ते परिपक्व अशी श्रेणी मांडली. परिपक्व यंत्रणांत त्याने उदात्तीकरणाबरोबर परोपकार, विनोद, पूर्वतयारी आणि जाणीवपूर्वक केलेला निग्रह यांचा समावेश केला. या मांडणीत उदात्तीकरणाचा अर्थ केवळ कामप्रेरणेपुरता न राहता राग, दुःख, भीती अशा सर्व तीव्र भावनांपर्यंत विस्तारला.

## भारतीय आणि महाराष्ट्रीय संदर्भ

### ब्रह्मचर्य आणि संततिनियमनाचा वाद

भारतीय परंपरेत संयमाने जीवनशक्ती ऊर्ध्वगामी होते, अशी कल्पना प्राचीन काळापासून आढळते. 'ऊर्ध्वरेता' हे विशेषण त्याच कल्पनेचे निदर्शक आहे. ही कल्पना आणि फ्रॉइडचे उदात्तीकरण यांत साम्य असले, तरी एक मूलभूत फरक आहे. ब्रह्मचर्य हे जाणीवपूर्वक घेतलेले व्रत आहे. फ्रॉइडच्या मते उदात्तीकरण बहुतांशी अजाणता घडते व ते आज्ञेने घडवता येत नाही.

२० व्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रात हा प्रश्न प्रत्यक्ष सामाजिक धोरणाचा झाला. र. धों. कर्वे (१८८२–१९५३) यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून अखेरपर्यंत ''समाजस्वास्थ्य'' हे मासिक चालविले. ब्रह्मचर्याने शक्ती साठते व बुद्धी वाढते या समजुतीला त्यांनी सातत्याने विरोध केला. मासिकातील मजकुराबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मधील खटल्यात त्यांची बाजू बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली.

डिसेंबर १९३५ मध्ये संततिनियमनाच्या अमेरिकी पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर वर्धा येथे महात्मा गांधींना भेटल्या. वारंवारच्या बाळंतपणांनी स्त्रियांचे हाल होतात, हे दोघांनाही मान्य होते. मात्र उपाय म्हणून गांधींचा आग्रह आत्मसंयमाचा होता, तर सँगर यांना साधनांची गरज वाटत होती. सर्वसामान्य दांपत्यांना असा संयम शक्य आहे काय, हा या मतभेदाचा गाभा होता. उदात्तीकरणाची क्षमता थोड्यांनाच असते, या फ्रॉइडच्या मर्यादेशी तो थेट जोडलेला आहे. गांधींच्या ब्रह्मचर्याचे मनोविश्लेषणात्मक विवेचन पुढे एरिक एरिक्सन आणि सुधीर कक्कर यांनी केले.

### दुःख आणि कार्य

व्हेलंटच्या विस्तारित अर्थाने उदात्तीकरण वा परोपकार या यंत्रणांचे उदाहरण म्हणून आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) यांच्या जीवनाचा विचार करता येतो. कल्याण येथे जन्मलेल्या आनंदीबाईंना वयाच्या चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि वैद्यकीय उपचारांअभावी तो दहा दिवसांतच दगावला. १८८३ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी वैद्यकीय पदवी मिळविली. त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. कोल्हापूर येथील नियुक्तीवर रुजू होण्यापूर्वीच क्षयाने त्यांचे निधन झाले. बालकाच्या मृत्यूचा त्यांच्या निर्णयाशी संबंध चरित्रकारांनी जोडला आहे. परंतु परदेशगमनापूर्वी श्रीरामपूर येथे केलेल्या जाहीर भाषणात त्यांनी भारतात स्त्री डॉक्टरांची गरज असल्याचे सार्वजनिक कारण पुढे मांडले होते. पती गोपाळराव यांचा शिक्षणाबाबतचा आग्रहही या निर्णयामागे होता. त्यामुळे केवळ दुःखाच्या रूपांतरावरून त्यांच्या कार्याचा उलगडा करणे अपुरे ठरते.

संत तुकाराम यांच्याबाबतही असेच विवेचन केले जाते. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून मरण पावली आणि व्यवसाय बुडाला. या आपत्तीचा उल्लेख त्यांच्या आत्मपर अभंगात आहे. हे दुःख आणि पुढील भक्ती व काव्य यांतील संबंध खुद्द अभंगातून दिसतो. मात्र वारकरी परंपरेत त्याला वैराग्य म्हणतात. वैराग्यात मोह सुटतो. उदात्तीकरणात प्रेरणा कायम राहून दिशा बदलते. दोन्ही संज्ञा समानार्थी मानता येत नाहीत. ज्ञानदेवांच्या विरहिण्यांसारख्या मधुरा भक्तीच्या रचनांना उदात्तीकरणाचा निकष लावतानाही हीच सावधगिरी आवश्यक आहे.

## टीका

उदात्तीकरणाच्या सिद्धांतावर पुढील आक्षेप घेतले जातात.

* सैद्धांतिक अपूर्णता: फ्रॉइडने या विषयावर सुसंगत सिद्धांत मागे ठेवला नाही. लाप्लांश व पाँतालिस यांनी १९६७ च्या आपल्या मनोविश्लेषण कोशात ही उणीव नोंदवली आहे.
* पुराव्याचा अभाव: रॉय बाउमाइस्टर व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये संरक्षण यंत्रणांवरील प्रायोगिक संशोधनाचा आढावा घेतला. काही यंत्रणांना आधार सापडला. उदात्तीकरणाला मात्र सबळ आधार आढळला नाही. एमिली किम, वेरोनिका झेपनफेल्ड व डोव्ह कोहेन यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दडपलेल्या भावनांनंतर प्रॉटेस्टंट सहभागींच्या निर्मितीत वाढ दिसली, पण कॅथलिक व ज्यू सहभागींत ती तशी दिसली नाही. ही प्रक्रिया संस्कृतीनुसार बदलत असावी, असे त्यावरून सुचविले गेले.
* चरित्राधारित अनुमान: फ्रॉइडने १९१० मध्ये लिओनार्दो दा विंची याच्यावर लिहिलेल्या निबंधात मूळ इटालियन नोंदीतील 'घार' या शब्दाच्या जागी 'गिधाड' असे चुकीचे भाषांतर आधाराला घेतले होते. मृत व्यक्तीच्या अंतर्मनाबद्दल अनुमान काढण्यातील धोक्याचे हे उदाहरण म्हणून दिले जाते.
* मूल्यनिर्णय: कोणते कार्य उदात्त हे समाज ठरवतो. त्यामुळे मानसिक प्रक्रियेच्या व्याख्येतच सामाजिक मूल्ये शिरतात.

## दोन्ही अर्थांतील साम्य आणि भेद

दोन्ही संज्ञांना जोडणारी कल्पना वर जाण्याची व शुद्ध होण्याची आहे. किमयागारांच्या पात्रात गाळ तळाशी राही आणि शुद्ध अंश वर जमे. मनोविश्लेषणात मूळ प्रेरणा उच्च मानलेल्या कार्यात प्रकट होते. मात्र हे रूपक काही ठिकाणी लागू पडत नाही.

रसायनशास्त्राने आज संप्लवनाची व्याख्या द्रव अवस्था टळण्यावर आधारली आहे. मानसशास्त्रीय प्रक्रियेत अशी टाळलेली मधली अवस्था नाही. त्या अर्थाने मानसशास्त्राने उचलले ते किमयागारांचे संप्लवन होय, आधुनिक रसायनशास्त्राचे नव्हे. दुसरे म्हणजे संप्लवनात पदार्थ तोच राहतो आणि थंड होताच पूर्वीच्या रूपात परत मिळतो. प्रेरणेपासून निर्माण झालेली कलाकृती मात्र पुन्हा प्रेरणेत रूपांतरित होत नाही. तिसरे म्हणजे संप्लवनात लागणारी उष्णता मोजता येते. मानसिक ऊर्जा ही मोजता येणारी राशी नसून फ्रॉइडच्या काळातील भौतिकशास्त्रावरून घेतलेली कल्पना आहे. त्यामुळे संप्लवन ही सिद्ध भौतिक घटना, तर उदात्तीकरण हे मानवी वर्तनाचे एक उपयुक्त पण वादग्रस्त स्पष्टीकरण ठरते.

## हेही पाहा

* ऊर्ध्वपातन
* त्रिक बिंदू
* कापूर
* रसशास्त्र
* मनोविश्लेषण
* संरक्षण यंत्रणा
* रघुनाथ धोंडो कर्वे
* आनंदीबाई जोशी